दार्जिलिंगचे खजूर

आम्ही हिमालयात निघालो ते तय्यब खतीबच्या एका फोटोमुळे. तय्यब आमच्याच दापोलीकडचा आणि इथे दुबईच्या देऱ्यात आमच्याच आवारात राहणारा. त्या वर्षी कंपनीच्या कामाला तो बैरूतला गेला आणि तिथल्या बर्फाच्या डोंगरापुढे कोट घालून फोटो काढून आला. बरं, काढला तर काढला, ट्रंकेत ठेवून द्यावा की नाही? ईदच्या दिवशी शिरखुर्म्याच्या वाटीबरोबर तो फोटो घरोघर फिरला. आमच्या घरी शहरबानूने तो हातात घेतला तो वाटी गार झाली तरी खाली ठेवेना.

शहरबानू माझी बायको. तिने माझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नव्हतं. म्हणजे मीठ-मसाला मागते, तो भाग वेगळा. तय्यब तिला सांगत होता की भाभी, हे वरून पडतं, हळूहळू, आवाज न करता. ती ऐकत राहिली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आकाशातून बर्फ पडताना मला एकदा बघायचंय. फोटोत नको, डोळ्यांनी."

मी म्हणालो, बघू. हा शब्द सगळे नवरे ज्या अर्थाने वापरतात त्याच अर्थाने मी वापरला होता आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण तय्यब हसला. म्हणाला, भाभी, बैरूतला जायचं तर हमदुल्लाभाईंना आधी साहेबांसमोर तोंड उघडावं लागेल. आता मी तापट माणूस नाही, निदान माझं मत तसं आहे. पण पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत जो माणूस रोज साहेबांची इंग्रजी पत्रं टाईप करतो आणि त्यातल्या चुका साहेबांना न दुखावता दुरुस्त करतो, त्याला तोंड नाही असं त्याच्याच घरात, त्याचाच शिरखुर्मा खात म्हणायचं? मी उठून उभा राहिलो. बैरूतला कोण जातंय, म्हणालो, आम्ही हिमालयात चाललोय. एका रजेत चार देश. हिंदुस्थान, नेपाळ, सिक्कीम आणि भूतान.

हे चार देश मी आणले कुठून, असं कुणी विचारलं नाही, पण सांगतो. समोरच्या भिंतीवर माझ्या मुलीचा, जुलेखाचा, शाळेचा नकाशा होता. त्यावर चारही देश एका वितीत बसत होते. जे एका वितीत बसतं ते एका रजेत बसायला हरकत नसावी. जुलेखा कोपऱ्यातून म्हणाली, "अब्बा, सिक्कीम इज ओन्ली हाफ अ कंट्री." म्हणजे साडेतीन झाले. मी तिला शेवया खायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी सगळ्या आवारात पसरली होती आणि बदरुद्दीनमामू दारात उभे होते.

मामूंबद्दल सांगायलाच हवं. आमच्यात हिमालय पाहिलेला एकच माणूस, ते मामू. पूर्वी कलकत्त्याच्या बोटीवर सारंग होते. एकदा बोट दुरुस्तीला गोदीत अडकली तेव्हा ते दार्जिलिंगला जाऊन आले. ही हकीकत आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की मध्येच ते थांबले तर पुढचं वाक्य कुणीही सांगावं. चहा पातळ झाला की दार्जिलिंग निघायचं. कुणाला सर्दी झाली की दार्जिलिंग. एकदा तर मयतीला गेलो होतो तिथे निघालं. त्यांची बायको मैमुनाबी स्वभावाने गरीब, पण दार्जिलिंगचं नाव निघालं की त्या उठून चुलीवर काय आहे ते बघायला जायच्या, चूल विझलेली असली तरी. त्यांना मामूंनी दापोली आणि देरा सोडून काही दाखवलेलं नव्हतं.

मामूंनी माझ्या प्रवासाचा ताबा घेतला. जायचं तर जानेवारीत, म्हणाले, तेव्हा तिथे फुलं असतात. अंगावर एकावर एक सात कपडे हवेत, सगळे लोकरीचे. आणि प्रत्येकाच्या खिशात एक कांदा. आपल्याकडे उन्हात लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, हे मला माहीत होतं. पण मामूंच्या मते डोंगराची हवा ही उलटी लू असते, तिला तोच कांदा चालतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चारही देशांचे शिक्के पासपोर्टावर इथूनच मारून घे, नाहीतर दार्जिलिंगच्या स्टेशनात उतरवून परत पाठवतात, असं त्यांनी मला माझा हात धरून सांगितलं. ज्याने पाहिलंय त्याचं ऐकावं, या विचाराने मी सगळं ऐकलं.

लोकरीचे कपडे देऱ्याच्या बाजारात मागून बघा एकदा. एका दुकानदाराने मला पाणी दिलं आणि सावलीत बसवलं. शेवटी शारजाच्या इंग्रजी तळावरून लिलावात सुटलेले कोट मिळाले. ते ज्या इंग्रजांचे होते ते फार उंच इंग्रज असावेत. मी घातला तर घोट्यापर्यंत आला आणि जुलेखा आत घुसली तर दिसेनाशीच झाली. शहरबानूने रात्रंदिवस मशीन चालवून ते कापले आणि उरलेल्या कापडाचे मोजे शिवले. काम करताना ती गुणगुणत होती. मी इतक्या वर्षांत तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्या मशिनीच्या आवाजाचीही मी तक्रार केली नाही.

आता शिक्के. पासपोर्टाची कचेरी दुबईत नव्हती, समुद्रापलीकडच्या एका बंदरात होती. मी अर्ज केला. माझ्या अर्जात चूक निघणं शक्य नाही, असं मी आजही म्हणतो. प्रवासाचं कारण या रकान्यात मी इंग्रजीत टाईप केलं, टु व्हिझिट कांचन जंगा. बोटीच्या टपालाने उत्तर आलं. त्यात विचारलं होतं की सदर कांचन जंगा यांचं अर्जदाराशी नातं काय, त्यांचा पत्ता काय आणि अर्जदाराला ठेवून घ्यायला त्यांची लेखी संमती आहे काय.

पत्र मी ऑफिसात उघडलं असतं तर बरं झालं असतं. मी ते आवारात, मैमुनाबी तांदूळ निवडत होत्या तिथे उघडलं आणि मोठ्याने वाचलं. मोठ्याने वाचायची मला धंद्याची सवय आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्या बायकांना कळलं होतं की हमदुल्ला हिमालयात कुणा कांचनला भेटायला चाललाय आणि बायकोला सोबत नेतोय ही त्याची हिंमत. शहरबानू रात्री जेवताना फक्त म्हणाली की त्या बाईंना एखादा मोज्यांचा जोड नेऊ का.

मी उत्तर लिहिलं की हा पर्वत आहे. त्यावर त्यांनी विचारलं की सिक्कीम या जागी आपण परदेश म्हणून जाणार की स्वदेश म्हणून. परदेश असेल तर परवानगी तिथल्या सरकारची लागेल, आमचा संबंध नाही. स्वदेश असेल तर पासपोर्ट लागणार नाही, तेव्हाही आमचा संबंध नाही. संबंध नाही तर तुम्ही विचारता कशाला, असं मी लिहिलं आणि ते पत्र फाडून नम्रपणे दुसरं लिहिलं. भूतानबद्दल तर त्यांनी काही लिहायचंच टाळलं. चीनच्या लढाईनंतर तिकडची सरहद्द नाजूक झाली होती आणि अरबस्तानातून एक कारकून सात लोकरी कपडे घालून तिकडे का जातोय, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर माझ्याही बसलं नसतं. शेवटी त्यांनी आमचे पासपोर्ट मागवून घेतले आणि कळवलं की आपल्या मुंबईच्या बोटीवरच एजंटाच्या हाती परत मिळतील, इन्शाल्ला. सरकारी कागदावर इन्शाल्ला आलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पण तोवर दावती सुरू झाल्या होत्या.

आमच्यात माणूस लांबच्या सफरीला निघाला की प्रत्येक घर त्याला निरोपाची दावत देतं. दावत खाऊन झाली की त्याने घरातल्या प्रत्येकाला म्हणायचं, "कहा-सुना माफ." म्हणजे आजवर बोलण्यात-ऐकण्यात काही चुकलं असेल तर माफ करा, कारण वाटेत काय होईल कुणी सांगावं. घरचे "माफ, माफ" म्हणून पाठीवर हात ठेवतात. हे शब्द निघणाऱ्यानेच म्हणायचे असतात, राहणाऱ्याने नाही. आणि दावत खाऊन, माफी मागून माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात भोपळा घेताना दिसला, असं आमच्यात कधी झालेलं नाही. का झालेलं नाही, ते मला पुढे कळलं.

आम्ही घरोघर जेवलो. कुणी सांदणं केली, कुणी वडे आणि मटण, कुणी कोळंबीचा पुलाव. मामूंच्या घरी मैमुनाबीने सुरमईचं सालन केलं आणि शहरबानूला जवळ घेऊन हळूच सांगितलं की सगळं नीट बघून ये आणि मला सांग, मला बाईच्या तोंडून ऐकायचंय. सगळ्यात शेवटी तय्यबकडे गेलो. पोटभर जेवून मी म्हणालो, "तय्यब, कहा-सुना माफ." तय्यबने पाठीवर हात ठेवला नाही. तो गादीवर टेकून बसला आणि म्हणाला, "कुठलं?" मग त्याने एकेक काढलं. रमजानमध्ये मी त्याच्या गाण्याला काय म्हणालो ते, त्याच्या सासऱ्यांच्या दाढीबद्दल काय म्हणालो ते. मला आठवतही नव्हतं इतकं त्याला आठवत होतं. प्रत्येक गोष्टीसाठी मला वेगळं माफ म्हणावं लागलं आणि वर शेवया खाव्या लागल्या.

निघायच्या दिवशी सगळं आवार खाडीवर आलं. मोठी बोट बाहेर समुद्रात नांगरून असते आणि लाँच माणसांना तिथपर्यंत नेते. थंडी म्हणण्यासारखी नव्हती, तरी मामूंच्या देखत कोट घालणं भाग होतं. आम्ही घामाने निथळत, खिशात कांदे घेऊन लाँचमध्ये बसलो. बायकांनी रुमाल हलवले, मामूंनी डोळे पुसले आणि तय्यबने ओरडून सांगितलं की फोटो काढायला विसरू नका.

बोटीच्या शिडीपाशी एजंट भेटला. त्याच्याकडे बऱ्याच लोकांचे पासपोर्ट होते, आमचे नव्हते. पुढच्या बोटीने येतील, म्हणाला. मी त्याला माझ्या पत्रव्यवहाराची सगळी हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "खलास, भाई. पासपोर्ट नाही, तर चढायचं नाही." बोटीने भोंगा दिला आणि आमच्या डोळ्यांदेखत चार देश मुंबईच्या दिशेने निघून गेले.

लाँच परत फिरली. समोर देऱ्याचा किनारा दिसायला लागला आणि मला सगळ्या दावती एकदम आठवल्या. आवारातले लोक अजून तिथेच असणार. आता मी काय तोंडाने उतरू? ज्यांची माफी मागितली त्यांना काय सांगू, माफी परत करा? आणि तय्यब तर हे आयुष्यभर काढेल, त्याची स्मरणशक्ती मी नुकतीच पाहिली होती. मी लाँचच्या नाखव्याला विचारलं की आम्हाला शारजाला सोडशील का. त्याने कारण विचारलं नाही. "यल्ला," म्हणाला आणि सुकाणू वळवलं. शहरबानू बोट गेली त्या दिशेला बघत होती आणि तिने खिशातला कांदा हातात घट्ट धरला होता. मला फार वाईट वाटलं. तय्यबचं काही नाही, पण तिने एकच गोष्ट मागितली होती.

शारजाला आमच्या कंपनीचं गोदाम आहे. तिथे पोचलो तर पंप भरलेला एक ट्रक रास अल खैमाकडे निघायच्या तयारीत होता. तिथे डोंगराच्या पायथ्याला बागा आहेत, बागवाल्यांनी नवे पंप मागवले होते. मी सामानावर डोकं धरून बसलो होतो. शहरबानूने ड्रायव्हरला विचारलं की तिथे डोंगर आहेत का. तो म्हणाला, बाई, डोंगरच आहेत, दुसरं काही नाही. ती उठली आणि कोटाची बटणं लावायला लागली.

"चला," ती मला म्हणाली. "डोंगर बघायचे होते ना? पण एक सांगते. परत आल्यावर मी खोटं बोलणार नाही आणि तुम्हीही बोलायचं नाही. जे पाहिलं तेवढंच सांगायचं."

मी म्हणालो, आणि कुणी जागेचं नाव विचारलं तर? ती म्हणाली, तर नाव सांगायचं. एवढ्या बारीक दोरीवर पुढचं सगळं लटकलं होतं.

ट्रक ओहोटी बघून किनाऱ्या-किनाऱ्याने निघाला, कारण रस्ता असा तिथे नव्हताच. पंप आमच्या अंगावर आणि आम्ही पंपांच्या अंगावर असे पडत होतो. अजमान गेलं, उम्म अल क्वैन गेलं. प्रत्येक गावात वेगळा शेख, वेगळा झेंडा, वेगळा पहारेकरी, आणि प्रत्येक पहारेकरी आमच्या कोटांना हात लावून बघत होता. झेंडे एकेक करून जुलेखा मोजत होती. मला कशातच रस नव्हता.

बागेचा मालक अबू सालेम म्हणून एक म्हातारा होता. कमरेला सुरा, डोळ्यांत काजळ. त्याला वाटलं कंपनीने पंपाबरोबर पंप बसवणारा सहकुटुंब पाठवलाय. मी पंप बसवू शकत नाही, फक्त त्याबद्दल पत्र लिहू शकतो, हे माझ्या अरबीत सांगणं कठीण गेलं. पण त्याने आम्हाला दगडांचं एक छोटं घर दिलं, दूध दिलं, भाकरी दिली आणि आमच्यात वागतात तसंच पाहुण्याला काही दिवस काही विचारलं नाही. मग विचारलं, कशासाठी आलात? मी म्हणालो, डोंगर बघायला. त्याने मान वळवून डोंगराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो तर इथेच असतो, म्हणाला.

पण खरं सांगतो, डोंगर बघण्यासारखा होता. झाड नाही, गवत नाही, नुसता उघडा दगड. पहाटे तो जांभळा असायचा, मग तांबडा व्हायचा, मग काही वेळ कुठलाच रंग नसायचा. दगडात कोरलेल्या पाटातून पाणी यायचं आणि बागेतल्या खजुरांच्या झाडांखाली पसरायचं. शहरबानू बकऱ्यांमागून वर चढायची आणि मी कोट सावरत तिच्यामागून जायचो. तिथे थंडीही होती, चांगली हाडात शिरणारी. इंग्रजांचे कोट शेवटी उपयोगाला आले. कांद्यांचं आम्ही कालवण केलं.

मग एके दुपारी ढग आले. एवढे काळे ढग मी कोकणात आषाढातच पाहिले होते. डोंगर दिसेनासा झाला, गडगडाट झाला आणि छपरावर खडे पडल्यासारखा आवाज सुरू झाला. अबू सालेम बकऱ्या आत घ्यायला धावला. मी दारात गेलो आणि बघतो तर अंगणात पांढरे दाणे उड्या मारत होते. गारा पडत होत्या, शेकड्यांनी, आणि बघता बघता पाट, दगड, जुना पंप, नवा पंप, सगळं पांढरं झालं.

शहरबानू अंगणाच्या मध्ये उभी होती. तिने दोन्ही हात पुढे केले होते. गारा लागत असणार, पण ती हलली नाही. तळहातावर पडलेली एक गार ती वितळेपर्यंत बघत राहिली आणि मग तिने माझ्याकडे वळून बघितलं.

"पडतंय हो," ती म्हणाली. "आकाशातून पडतंय."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. मी बाहेर जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. माझ्या टकलावर चांगला मार बसला, पण त्या वेळी मला जगातला कुठलाही शिक्का नको होता.

रजा संपली आणि आम्ही परतलो. अबू सालेमने निरोप देताना खजुरांची एक थैली दिली होती, ती शहरबानूने ट्रंकेत तळाला ठेवली.

संध्याकाळी सगळं आवार आमच्या खोलीत दाटीने बसलं. मामू मध्ये, तक्क्याला टेकून, कारण या विषयातले ते जाणकार. प्रश्न सुरू झाले आणि मी शहरबानूच्या अटीप्रमाणे एकही शब्द खोटा बोललो नाही. प्रवास कसा झाला? आधी लाँच, मग गाडी, मग पायी. डोंगर? पहाटे जांभळा, मग तांबडा. मामू डोळे मिटून म्हणाले, बरोब्बर. माणसं कशी? गरीब, पाहुण्याला जीव लावणारी, कमरेला सुरा बांधून असतात. मामू म्हणाले, तीच कुकरी. फोटो? आमच्याकडे कॅमेरा नाही, हे तय्यबला माहीत होतं.

"आणि चार देश झाले?" तय्यबने मला सोडून जुलेखाला विचारलं.

"येस, अंकल. फोर रुलर्स, फोर फ्लॅग्ज. आय काउंटेड." शारजा, अजमान, उम्म अल क्वैन, रास अल खैमा. मुलीने बोटांवर मोजले होते. माझा ऊर भरून आला.

"बर्फ पडलं?"

"येस, अंकल. आइस फेल फ्रॉम द स्काय. अम्मी क्राइड."

मैमुनाबीने शहरबानूचा हात धरला. तय्यबचा फोटो त्या क्षणी फिका पडला, हे मला स्पष्ट दिसलं आणि मी गादीवर जरा पसरून बसलो. तेवढ्यात शहरबानूने, पाहुण्यांसमोर काहीतरी ठेवायचं म्हणून, ट्रंक उघडून खजुरांची थैली बाहेर काढली.

"हे कुठले?" तय्यबने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण जुलेखा माझ्याआधी बोलली. "फ्रॉम द माउंटन, अंकल. देअर वेअर सो मेनी डेट ट्रीज."

तय्यबने एक खजूर उचलला आणि दिव्यापुढे धरला. हिमालयात खजूर, असं तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. दार्जिलिंगला, एवढ्या थंडीत, खजूर. मी शहरबानूकडे बघितलं. ती थैलीतले खजूर ताटलीत काढत होती. पुढचा प्रश्न जागेच्या नावाचा येणार होता आणि ठरलं होतं त्याप्रमाणे मी नाव सांगणार होतो. सगळे मामूंकडे वळले.

मामूंनी खजूर तोंडात टाकला, बी काढली आणि ताटलीत ठेवली.

"असतात," ते म्हणाले. "दार्जिलिंगला खालच्या अंगाला असतात. मी स्वतः खाल्लेत. अगदी हेच."

तय्यबने खजूर खाल्ला. विषय संपला. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. मैमुनाबी मात्र या वेळी चूल बघायला उठल्या नाहीत, मामूंकडे बघत बसून राहिल्या.

सगळे गेले तरी मामू दारात चपला शोधत होते. चपला त्यांच्या पायात होत्या. मैमुनाबी पुढे निघून गेल्या आणि आवार रिकामं झालं, तेव्हा ते माझ्याजवळ आले.

"हमदुल्ला, खरं सांग," ते हळू आवाजात म्हणाले. "असतात का तिथे खजूर?"

मी त्यांच्याकडे बघितलं. सात लोकरी कपडे आठवले, जानेवारीतली फुलं आठवली, स्टेशनात उतरवून देणारे शिपाई आठवले. मला रागच यायला हवा होता.

"मला काय माहीत, मामू," मी म्हणालो.

मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कहा-सुना माफ."

"तुम्ही कुठे निघालात?"

"कुठेच नाही रे. तेव्हाही बोट गोदीत होती आणि मी बोटीवरच होतो." ते जरा हसले. "मैमुनाला कधीपासून माहीत आहे. ती कधी बोलली नाही."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि माफ, माफ म्हणालो. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं की ते डोंगर आहेत तरी कुठे. मी त्यांना ट्रकचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात आणखी पंप जाणार होते. मैमुनाला नेतो म्हणाले, तिला बर्फ मिळालं तर मिळालं, नाहीतर डोंगर तरी बघेल. फक्त कुणाला सांगू नकोस, दावत नको.

ट्रकच्या दिवशी त्यांना आम्ही पहाटे शारजाला सोडून आलो. शहरबानूने दोघांना कोट दिले, मोजे दिले आणि निघताना मैमुनाबीच्या खिशात एक कांदा घातला.